घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणालं, म्हणून गप्प बसलो

“मॅडम, हे स्मार्ट घड्याळ हातात असलं की अटॅक येणार असेल तर आधी कळेल ना?”

अँजिओप्लास्टी (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडणं) होऊन घरी गेलेल्यांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुलांकडून, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. उत्तर सरळ आहे : नाही. पण नुसतं ‘नाही’ कोणाला पटत नाही. म्हणून एका काकांची हकीकत सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

काका एकसष्ट वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवून दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवताना चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘रिपोर्ट चांगले. झोप नाही. चालायला घाबरतात.’

खुर्चीत बसताबसता त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पट्टीने आखलेल्या उभ्या रेघा, डेपोच्या नोंदवहीसारख्या. वेळ, ठोके, शेरा. रात्री २.१० ला ५४. २.२५ ला ५७. २.४० ला ५२, शेऱ्यात ‘घड्याळाने इशारा दिला’. पानंच्या पानं अशी.

“दाराची बेल वाजली तरी आधी मनगट बघतात, मग दार,” काकू म्हणाल्या.

घड्याळ मुलीने पाठवलेलं. मुलगी टोरांटोला, आणि हे आकडे तिच्याही मोबाइलवर दिसायची सोय केलेली. आपली मध्यरात्र म्हणजे तिची दुपार. ऑफिसात बसून ती आकडा बघायची आणि इकडे फोन करायची, “बाबा, बरं वाटतंय ना?” गाढ झोपलेल्या माणसाला रात्री दीडला असं विचारलं तर त्याला बरं कसं वाटेल?

इशाऱ्याचं कोडं तसं सोपं होतं. काकांना ठोके कमी ठेवणारी गोळी चालू होती, बीटा ब्लॉकर. गोळी तिचं काम करत होती, झोपेत ठोके पन्नाशीकडे उतरत होते, आणि औषधांची काहीच कल्पना नसलेलं घड्याळ ‘कमी आहेत’ म्हणून थरथरत होतं. (दवाखान्यात गोळ्यांची नावं सांगतात, त्या घेतल्यावर घरी काय दिसेल ते सहसा कोणी सांगत नाही. माझी ही जुनी तक्रार आहे.)

मग मी त्यांना एक करायला सांगितलं. “आत्ता किती दिसतंय?” ७४. “आता डोळे मिटा आणि त्या रात्री ॲम्ब्युलन्समध्ये काय काय झालं ते सांगा.” ते सांगू लागले. जिना, चादरीत धरून उतरवलेलं, शेजाऱ्याची उघडी चप्पल पायाखाली आलेली. दोन-तीन मिनिटांत आवाज बदलला. मी थांबवलं. मनगटावर ९६.

“खुर्चीतून तर हललो नाही मी,” ते म्हणाले आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

इथपर्यंत सगळं माझ्या नेहमीच्या वाटेने चाललं होतं. घड्याळ भीती वाढवतं, भीती ठोके वाढवते, ठोके पुन्हा भीती. मी मनातल्या मनात पुढची भेट ठरवत होते, तेवढ्यात काका घड्याळाची बाजू घेत म्हणाले, “पण फसवत नाही हं ते. मागच्या महिन्यात छाती जड झाली होती, अर्धा तास. तीनदा ईसीजी काढला त्यावर. तिन्ही वेळा ‘सायनस ऱ्हिदम’. नॉर्मल. म्हणून कोणाला बोललो नाही.”

काकूंना हे तेव्हाच कळलं. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

सेशन तिथेच थांबवून मी डॉक्टरांना फोन लावला. त्याच दिवशी ईसीजी आणि एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, नवीन काही निघालं नाही. पण त्या अर्ध्या तासात नेमकं काय झालं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

घाबरवणाऱ्या घड्याळाची मला फारशी काळजी वाटत नाही, घाबरलेला माणूस निदान दवाखान्यात तरी येतो. धीर देणारं घड्याळ मला जास्त धोक्याचं वाटतं. एका हातात बांधलेलं, दुसऱ्या हाताचं बोट टेकवलेलं, तीस सेकंद. एवढ्यात त्याला हृदयाची लय कळते. दवाखान्यातला ईसीजी बारा बाजूंनी बघतो, आणि अटॅकच्या सुरुवातीला तोही कधीकधी ठीक येतो, म्हणून तो पुन्हा काढतात, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासतात. ‘सायनस ऱ्हिदम’ म्हणजे लय जागेवर आहे. रक्तवाहिनी उघडी आहे की तुंबली, हा वेगळा प्रश्न.

काकांनी ते स्वतःच्या भाषेत लावून घेतलं. “म्हणजे गाड्या वेळेवर सुटतायत एवढं कळतं. पुढे घाटात दरड पडलीय का, ते डेपोत बसून कळत नाही.”

इतकं चांगलं मला सांगता आलं नसतं. तेव्हापासून मी हे वाक्य त्यांच्या परवानगीने वापरते.

घड्याळ काढून फेका, असं मी त्यांना म्हटलं नाही, कोणालाच म्हणत नाही. लय बिघडण्याच्या एका आजारात, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, त्याचा उपयोग होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत ॲपलचं घड्याळ वापरणारे चार लाखांवर लोक होते. अनियमित नाडीचा इशारा मिळाला ०.५२ टक्क्यांना. त्यांच्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर पॅच लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत हा आजार सापडला. म्हणजे इशारा आला तर डॉक्टरांना दाखवायचा, निदान आपण करायचं नाही.

डॉक्टरांनी औषधं बघून इशाऱ्याची खालची मर्यादा बदलून दिली. धडधड झाली तरच घड्याळावर ईसीजी काढायचा आणि जपून ठेवायचा, एरवी नाही. गोळ्यांचे गजर मात्र तसेच ठेवले. रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकली तर स्टेंटमध्ये गाठ होण्याची भीती असते, आणि घड्याळाचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे दिसतो. बीपी दंडाला पट्टा बांधायच्या यंत्रावर, पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, मिनिटाच्या अंतराने दोनदा.

काकूंनी फ्रिजवर कागद चिकटवला : छातीत दाब, दरदरून घाम, दम, दुखणं हातात किंवा जबड्यात, यातलं काही झालं तर घड्याळ बघायचं नाही, १०८ लावायचा. ‘नाही’खाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

सगळ्यात अवघड गेली मुलगी. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, “मी तिथे नाहीये. निदान एवढं तरी बघू दे.” तिच्याशी दोनदा बोलावं लागलं. आकडे बंद झाले, त्याऐवजी रोज सकाळी बाबाच फोन करू लागले. तिला अजून ते पूर्ण पटलेलं नाही. काकाही रात्री घड्याळ काढत नाहीत, मी तो हट्ट धरला नाही.

सहा आठवड्यांनी ते नवी वही घेऊन आले. रकाने बदलले होते : गोळी, बीपी, चालणं, शेरा. दिवसाला एक ओळ. चालण्याची वेळ सकाळी ६.३०. एका मंगळवारी ७.१० लिहिलेलं, आणि शेऱ्यात : ‘पावसामुळे चाळीस मिनिटं उशिरा सुटली.’