नाना, आधी पॉलिसी परत करा

भुसावळहून आलेल्या पत्राखाली सहीऐवजी ‘घरात सगळे नाना म्हणतात’ एवढंच आहे. म्हणून मीही नानाच म्हणतो.

नाना रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन सुरू आहे, घर स्वतःचं आहे. हाती ३४ लाख आले. त्यातले १० लाख मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटला गेले, ४ लाख ‘बँकेतल्या मॅडमनी सुचवलेल्या योजनेत’ गेले आणि २० लाख बचत खात्यात पडून आहेत. त्यांचा प्रश्न मात्र भलताच आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टॉरेस सामुद्रधुनी आहे. तिथल्या प्रवाळखडकांचा जुना इंग्रजी सागरी नकाशा मुंबईचा एक विक्रेता फ्रेमसकट १ लाख ६० हजारांना देतोय आणि ‘किंमत वर्षाला १५ टक्के वाढते’ म्हणतोय. गुंतवणूक म्हणून घ्यावा का?

नाना, ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असं झालंय. नकाशाचं नंतर बघू. त्या मॅडमच्या योजनेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत: ‘एफडीसारखीच आहे, दरवर्षी ४ लाख, दहा वर्षं, मग विसाव्या वर्षी ७४ लाख गॅरंटीड.’ ही एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. तुम्हाला या वयात विमा कशाला हवा? मुलगा कमावता आहे, तुमच्यामागे पत्नीला फॅमिली पेन्शन आहे.

आता हिशेब. दहा हप्ते म्हणजे ४० लाख. तुमच्याकडे पहिला हप्ता धरून होते २४ लाख. उरलेल्या पैशावर ७ टक्के व्याज मिळालं असं धरलं तरी सात हप्ते जातील, आठव्याला खातं कोरडं. मग काय, पेन्शनमधून वर्षाला ४ लाख काढणार? अर्ज भरताना हे कोणी विचारलंच नसणार. विचारलं असतं तर पॉलिसी विकली गेली नसती. आणि सगळे हप्ते भरलेत असं समजू. ४० चे ७४ होतात हे ऐकायला झकास वाटतं, पण पैसा वीस वर्षं अडकतो. परतावा पडतो वर्षाला सुमारे ४ टक्के. तेव्हा तुम्ही ऐंशी वर्षांचे असाल.

तुमचं नशीब एवढंच की बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हातात पडल्याची तारीख तुम्ही पत्रात लिहिलीत: ४. आज २२. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला ‘फ्री लूक’ म्हणतात. म्हणजे १२ दिवस उरलेत. हे उत्तर प्रसिद्ध व्हायची वाट बघायला नको म्हणून तुम्हाला मेलही टाकला आहे. अर्ज विमा कंपनीच्या नावाने, लेखी द्या आणि पोच घ्या. झालेल्या दिवसांपुरता विम्याचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. मॅडम म्हणतील, ‘पुढच्या आठवड्यात या काका, साहेब रजेवर आहेत.’ थांबू नका. कंपनीने टोलवाटोलवी केली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका, त्यापुढे पुण्याला विमा लोकपाल आहेत.

परत आलेले धरून २४ लाख होतील. त्यातले २० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्या ८.२ टक्के मिळतात, म्हणजे दर तिमाहीला ४१ हजार. उरलेले ४ लाख साध्या एफडीत, दुखण्याखुपण्याला.

आता नकाशा. तुम्ही लिहिलंत, ‘तीस वर्षं चार्टवर गाड्यांच्या रेघा ओढल्या, हे आकडे बघून तसंच वाटलं.’ कंट्रोल ऑफिसात कोणती गाडी कधी कुठे आहे ते कागदावर रेघांनी आखतात, त्यामुळे हे मला मनापासून पटलं. त्या कागदावरचे आकडे पाण्याची खोली सांगतात, वावात. एक वाव म्हणजे सहा फूट. दोर सोडून मोजलेला एकेक आकडा. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचं ‘एंडेव्हर’ जहाज १७७० साली याच प्रवाळरांगेवर, थोडं दक्षिणेला, अडकलं होतं. १७९१ साली ‘पँडोरा’ इथे बुडालं. सिडनीहून हिंदुस्थानकडे येणारी जहाजं याच खडकांतून वाट काढायची, म्हणून १८४२ ते १८४६ मध्ये ‘फ्लाय’ जहाजावरून कॅप्टन ब्लॅकवुडने मोजणी केली आणि १८४४ साली तिथल्याच रेन बेटावर कैद्यांकडून जहाजांना खुणेसाठी दगडी मनोरा बांधून घेतला. विक्रेता १८४० च्या दशकाचा नकाशा म्हणतो तो यामुळेच.

पण मोजणीचं साल म्हणजे छपाईचं साल नव्हे. तांब्याच्या एकाच पत्र्यावर दुरुस्त्या करत हे नकाशे अनेक वर्षं छापले जायचे. तुमच्या फोटोत खालच्या समासात बारीक अक्षरांत १९१२ ची दुरुस्ती दिसते, म्हणजे कागद त्याआधीचा असूच शकत नाही. किंमत मात्र १८४० च्या दशकातली सांगितली आहे.

आणि ते १५ टक्के! विक्रेत्याला आजच विचारा, ‘उद्या परत आणला तर किती द्याल?’ माझा अंदाज निम्मे, म्हणजे ८० हजार. १५ टक्क्यांनी पैसा पाच वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं तरी पाच वर्षांनी तुमच्या हातात तुमचेच १ लाख ६० हजार. त्यात जळगाव-भुसावळचा मे महिना, कूलरची ओली हवा आणि भिंतीतली वाळवी मी अजून धरलेली नाही.

हौस म्हणून हवा असेल तर जरूर घ्या, पण हा नको. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने असे कितीतरी जुने नकाशे स्कॅन करून फुकट उपलब्ध केलेत. चांगल्या कागदावर मोठी प्रिंट काढून गावातच फ्रेम करा, चार-पाच हजारांत काम होईल. पहिल्या तिमाहीच्या व्याजातून सहज निघेल. फ्रेम कूलरसमोरच्या भिंतीला लावू नका.

अर्जाची पोच मिळाली की तिचा फोटो पाठवा. नकाशाचा नंतर पाठवला तरी चालेल.