पोळ्याला फुटलेला कापूस

प्रश्न : परवा एका मालिकेत पोळा दाखवला. तोरण बांधलेलं, बैल सजलेले, दारात सावकार आणि मागे वावर पांढरंफटक! वर नायिकेनं एका गाण्यात पोतंभर कापूस वेचला. माझं मनच उडालं. सून म्हणते, "आई, गोष्टच तर आहे." पण त्याच मालिकेतलं कोर्ट मी रंगून पाहते. जन्मभर वेचणी केली म्हणून ही मजा गेली का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, हिशेब तुमचाच बरोबर आहे. मृगाच्या पावसावर लावलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, फुलं धरायला दोनेक महिने लागतात, फुलाचं बोंड होऊन फुटायला आणखी ४५ ते ५० दिवस. पोळ्याला झाडावर पात्या म्हणजे कळ्या, फुलं, हिरवी बोंडं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून वेचणीला हात लागतो तो दसरा-दिवाळीकडे. आणि पोतं? एका बोंडात जेमतेम ४ ग्रॅम कापूस धरा. किलोला २५० बोंडं, २० किलोला ५ हजार. प्रत्येकात बोटं घालायची आणि वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचून घ्यायची. गाणं बरंच लांब असणार!

कोर्टाचं एखाद्या वकिलाला विचारून पाहा. आपल्याकडे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत आणि १९६९च्या शपथ कायद्यात गीतेवर हात ठेवायची अट नाही. तो वकील तिथे चडफडेल आणि तुमचं पांढरं वावर पाहून 'वा!' म्हणेल. ज्याची बोटं जिथे सोलली, त्याला तिथलं खुपतं.

पण जाणकाराला खोटं सोसतच नाही, असंही नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं रात्रभर बघणारे कितीतरी जण धानाचे शेतकरीच असतात. नटानं रिकाम्या हातानं नांगर धरला तरी कोणी उठून जात नाही, कारण 'बैल आहेत असं समजा' हा करार आधीच झालेला असतो. कॅमेरा खरंखुरं वावर दाखवतो, मग आपणही त्याला खऱ्याचंच माप लावतो.

म्हणून चूक दिसली की एवढंच बघा : ती दुरुस्त केली तर गोष्ट बदलते का? नायिकेचं जरीचं लुगडं बदललं तर काही बिघडत नाही, ते सोडून द्या. पोळ्याचा कापूस मात्र सोडू नका. पोळ्याला घरात पैसा नसतो, बैलाचा साजसुद्धा कधी उधारीवर येतो, कारण पीक अजून हिरवं असतं. त्याच दिवशी वावर फुटलेलं दाखवलं की सावकार दारात आल्याची धास्तीच संपली. लेखकानं स्वतःच्याच प्रसंगातली हवा काढली. तुम्ही उगाच खोड काढत नाही आहात.

उलट, पाकळ्या मिटलेली डोमकळी पडद्यावर दिसली तर गुलाबी बोंडअळी शिरल्याचं तुम्हाला नायकाआधी कळेल. तो थरार सुनेला मिळायचा नाही.

प्रश्न : गावच्या नाटकात पऱ्हाटी उभी करायची आहे. औषधाच्या दुकानातला कापूस डिंकानं चिकटवला तर चालेल?

उत्तर : नको. तो धुतलेला, बिनसरकीचा. दिव्याखाली बँडेजसारखा दिसतो. डिंकानं कापूस चिपकून गोळाही होतो. वेचणी संपलेल्या वावरातली पऱ्हाटी बोंडांसकट उपटून आणा. सरकीसकट कापसाच्या ४-५ पाकळ्या प्रत्येक बोंडात बसवा, पांढऱ्या दोऱ्याचा एक वेढा द्या आणि थोडं खाली लोंबू द्या. झाडाला ८-१० बोंडंच फुललेली ठेवा, बाकीची मिटलेली. सगळी फुलली की देखावा लग्नातला वाटतो. बुंधे ओल्या मातीच्या डब्यांत रोवा. वाळकी पऱ्हाटी मोडते, म्हणून नेण्याआधी पाणी शिंपडा. हॅलोजनपासून लांब ठेवा आणि विंगेत पाण्याची बादली असू द्या. कापूस क्षणात पेटतो.