स्टेंट बसला, पण विमा का मिळाला नाही?

वाचकांचे प्रश्न : गंभीर आजारांचा विमा

प्रश्न : यजमानांना (वय ५१) अचानक छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी करून (रक्तवाहिनीतला अडथळा नळीवाटे उघडून) दोन स्टेंट घालावे लागले. मेडिक्लेममधून बिल भागलं. दहा लाखांची गंभीर आजारांची पॉलिसीही होती, पण ‘अँजिओप्लास्टी समाविष्ट नाही’ एवढंच लिहून कंपनीनं क्लेम नाकारला. एजंट म्हणाला होता, ‘हार्टचं सगळं कव्हर आहे.’ आता काही करता येईल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ‘हार्टचं सगळं’ असं या पॉलिसीत नसतंच. मेडिक्लेम बिल बघून पैसे देतं, ही पॉलिसी व्याख्या बघून. आजार व्याख्येत बसला की बिल दोन लाखांचं असो की वीस, ठरलेली रक्कम एकरकमी मिळते. नाही बसला तर छदामही नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियांपैकी बायपास यादीत आहे, पण त्याची व्याख्या छाती उघडून किंवा छोट्या छेदातून केलेल्या शस्त्रक्रियेची आहे आणि अँजिओप्लास्टी त्यातून वगळलेली आहे. काही पॉलिसींत ती वेगळी घेतलेली असते, तीही बहुधा मर्यादित रकमेपुरती.

पण एवढ्यावर पत्र फायलीला लावू नका. स्टेंट घालण्याआधी हार्ट अटॅक आला होता का, ते शोधा. अटॅक हा यादीतला स्वतंत्र आजार आहे. त्याला तीन गोष्टी एकत्र लागतात : छातीत दुखण्यासारखी लक्षणं, ईसीजीत नव्यानं झालेले बदल आणि रक्तात वाढलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन). यात एक मेख आहे. अँजिओप्लास्टीनंतर वाढलेलं ट्रोपोनिन धरत नाहीत, त्यामुळे कॅज्युअल्टीत घेतलेल्या पहिल्या रक्ताचा, वेळ छापलेला रिपोर्ट हाच कामाचा. डिस्चार्ज समरीत नुसतं ‘अनस्टेबल अँजायना’ (अटॅकपर्यंत न गेलेलं हृदयाचं दुखणं) असेल तर आशा कमी, कारण अँजायना व्याख्येबाहेर आहे. ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’, म्हणजे हार्ट अटॅक, असेल तर भांडायला जागा आहे. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून इनडोअर केस पेपर, सगळे ईसीजी आणि अँजिओग्राफीची सीडी घ्या.

हे जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, ‘अँजिओप्लास्टीचा नव्हे, हार्ट अटॅकचा क्लेम’ असं स्पष्ट लिहून. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. नकाराच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत असते. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. ठाणे आणि नवी मुंबईसाठीचं कार्यालय ठाणे पश्चिमेलाच, जीवन चिंतामणी इमारतीत आहे.

प्रश्न : ऐरोलीत आयटीत नोकरी, वय ४०. कंपनीचा पाच लाखांचा मेडिक्लेम आहे. गंभीर आजारांचा विमा किती रकमेचा घ्यावा? टर्म प्लॅनला (मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणाऱ्या विम्याला) रायडर, म्हणजे जादा कवच, जोडला तर स्वस्त पडतो म्हणतात.
– एक वाचक, घणसोली

उत्तर : आधी स्वतःचा मेडिक्लेम घ्या. कंपनीचा नोकरीबरोबर जातो. मग रकमेचा हिशेब. आजारपणात दोन वर्षं पगार बंद, असं धरा. घराचा हप्ता ३८,००० आणि घरखर्च ४५,००० असेल, तर ८३,००० गुणिले २४, म्हणजे वीस लाखांच्या आसपास. औषधं आणि येण्याजाण्याचा खर्च धरून २५ लाख ठीक.

रायडर घेताना तो मूळ रकमेतून वजा होतो का, हे विचारा. वजा होणारा असेल, तर एक कोटीच्या टर्ममधून २५ लाख मिळाले की घरच्यांसाठी ७५ लाखच उरतात. स्वतंत्र पॉलिसीत तसं होत नाही, पण तिचा हप्ता वयाबरोबर चढतो.

‘६४ आजार’ वगैरे जाहिरातींना आम्ही फार भाव देत नाही. कॅन्सर, अटॅक, पक्षाघात, किडनी यांसारख्या २२ आजारांच्या व्याख्या इर्डाईनं, म्हणजे विमा नियामकानं, ठरवून दिल्या आहेत. उरलेल्यांत कंपन्यांनी काय लिहिलंय, तिथे फरक पडतो. सुरुवातीच्याच टप्प्यातल्या, न पसरलेल्या कॅन्सरला काही देतात का, ते बघा, कारण मूळ व्याख्येत तो नाही. दुसरं म्हणजे निदानानंतर किती दिवस हयात असावं लागतं. बऱ्याच पॉलिसींत ३० दिवस असतात, कमी तितके बरे. पक्षाघातात तर तीन महिने उलटूनही दोष कायम असल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे पैसे लगेच येत नाहीत. तोवरची सोय बँकेत हवी. आणि पॉलिसी सुरू झाल्यापासूनचे पहिले ९० दिवस बहुधा कोरडेच, त्यात क्लेम मिळत नाही.

प्रश्न : आईला (वय ५८) सहा वर्षांपासून शुगर आहे. एजंट म्हणतो, फॉर्मवर लिहू नका, पाच वर्षं झाली की कंपनी काही करू शकत नाही.
– एक वाचक, वाशी

उत्तर : अर्धवट सांगतोय. ६० महिन्यांनंतर माहिती लपवल्याचं कारण चालत नाही हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर चालतं, आणि जाणूनबुजून ‘नाही’वर खूण करणं ही फसवणूकच. त्याआधी क्लेम आला तर हॉस्पिटलच्या केस पेपरवर ‘डायबेटिस सहा वर्षं’ हे आईच स्वतःच्या तोंडानं सांगणार, आणि कंपनी नेमका तोच कागद मागवते. शुगर लिहिली तर हप्ता वाढेल, कदाचित नकारही येईल. आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. पॉलिसी हातात आली की सोबतची प्रपोजल फॉर्मची (विम्यासाठी भरलेल्या अर्जाची) प्रत उघडून मधुमेहाची ओळ बघा. एजंटनं परस्पर ‘नाही’ केलं असेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून दुरुस्ती मागा. पटलं नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.