चायनाटाऊन आता कोणासाठी?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता कोलकात्याला गेलो होतो. पहाटे उठून टिरेटा बाजारातील प्रसिद्ध चिनी न्याहारीला गेलो, तर तिथे विक्रेत्यांमध्येही चिनी माणसे थोडीच होती. सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहणारा आमचा पुतण्या सांगतो की, तिथल्या चायनाटाऊनमध्ये पर्यटकांची झुंबड असते, पण त्याच्या कचेरीतले चिनी सहकारी मात्र राहतात दूरच्या उपनगरांत. मग या वस्त्या आता केवळ देखाव्यापुरत्या उरल्या आहेत काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण पाहिलेली वस्ती आणि पुतण्याने वर्णन केलेली वस्ती यांना नाव एकच असले, तरी त्या विरळ होण्याची कारणे अगदी वेगळी आहेत, आणि ती वेगळी ठेवल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतील जुन्या वस्तीचे काम समजण्यासाठी आपल्या दसरा चौकातील वसतिगृहे डोळ्यांसमोर आणावीत. १९०१ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, त्यामुळे खेड्यातून आलेल्या मुलाला परक्या शहरात अंथरूण टाकायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळू लागले. चिनी स्थलांतरितांच्या गावकीच्या आणि कुळांच्या मंडळांनी नेमके हेच काम केले. बोटीतून उतरलेल्याला निवारा देणे, काम मिळवून देणे, भांडण मिटवणे, इतकेच नव्हे तर परदेशात मेलेल्याच्या अस्थी त्याच्या गावी पोचवणे, हे सारे मंडळांकडेच असे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की कोल्हापुरात राज्यकर्त्याने दार उघडले होते, तर अमेरिकेत ते बंद करण्यात आले होते. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली, नागरिकत्व नाकारले गेले, आणि बायकामुलांना आणणे जवळजवळ अशक्य झाल्यामुळे ही वस्ती कित्येक वर्षे मुख्यतः एकट्या पुरुषांचीच राहिली. ते एकत्र राहत ते काही केवळ आवडीने नव्हे. बाहेर घर मिळत नव्हते आणि मारही बसत होता.

आता देखाव्याविषयी. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत ही वस्ती जळून गेली, तेव्हा मोक्याची ती जागा मोकळी करून चिनी लोकांना शहराच्या कडेला हलवावे, असा घाट काही पुढाऱ्यांनी घातला. त्याला उत्तर म्हणून चिनी व्यापाऱ्यांनी घाईने पुन्हा बांधकाम केले आणि गोऱ्या वास्तुरचनाकारांकडून वळणदार छपरांच्या, पॅगोडासारख्या इमारती उठवून घेतल्या, जेणेकरून पर्यटक येतील, शहराला उत्पन्न मिळेल आणि वस्ती हलवण्याची भाषा थांबेल. म्हणजे आपण ज्याला देखावा म्हणता, तो शंभर वर्षांपूर्वी जागा टिकवण्यासाठी योजलेला उपाय होता. मला तरी त्यात उथळपणापेक्षा व्यवहारचातुर्यच अधिक दिसते.

बंदीचा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, तरी वार्षिक प्रवेशाची मर्यादा अवघी १०५ होती. खरा बदल, देशवार मर्यादेची जुनी पद्धत मोडणाऱ्या १९६५ च्या कायद्याने घडला. त्यानंतर शिकलेले, पैसा बाळगून असलेले अनेक जण तैवान आणि हाँगकाँगहून आले, आणि त्यांना जुन्या वस्तीच्या आधाराची गरजच नव्हती. ते थेट लॉस एंजेलिसजवळच्या मॉन्टेरे पार्कसारख्या उपनगरांत गेले. न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंग हे मॅनहॅटनमधील जुन्या वस्तीइतकेच गजबजलेले चिनी केंद्र झाले. बाजार, बँका, शाळा त्यांच्या मागोमाग तिकडे गेल्या. आपल्या पुतण्याचे सहकारी याच वाटेने गेलेले असणार.

मात्र म्हणून सॅन फ्रान्सिस्कोची जुनी वस्ती रिकामी झालेली नाही. पर्यटक ज्या दुकानांत भेटवस्तू घेतात, त्यांच्या वरच्या मजल्यांवरील एकेका खोलीत, सामाईक स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वापरून, म्हातारी माणसे आणि नुकतीच आलेली गरीब कुटुंबे राहतात; त्यांना इंग्रजी येत नाही, आणि कँटोनीज ही दक्षिण चीनमधली बोली बोलणारा डॉक्टर व भाजीवाला पायी जाण्याच्या अंतरावर हवा असतो. तिथल्या संस्थांनी जागरूक राहून उंच कार्यालयीन इमारतींना अटकाव केला, म्हणून हे शक्य झाले. वॉशिंग्टनमध्ये तसे झाले नाही. तिथे १९९७ मध्ये मोठे क्रीडागृह उभे राहिल्यावर भाडी चढली, रहिवासी पांगले आणि कॉफीच्या दुकानांवर चिनी लिपीतील पाट्या तेवढ्या उरल्या. देखावा हा शब्द तिथे मात्र शोभतो.

कोलकात्याची गोष्ट वेगळी, आणि कोल्हापूरकराला ती अधिक जवळची वाटावी. टांग्रा भागात हाक्का या दक्षिण चीनमधून आलेल्या समाजातील लोकांनी कातडे कमावण्याचे कारखाने काढले. जातीच्या उतरंडीत हीन मानलेल्या या धंद्यात इतर अनेकांना उतरायचे नव्हते, आणि त्या उतरंडीबाहेरच्या चिनी माणसाला ती आडकाठी नव्हती. आपल्याकडे चपलेचे नाव जगभर झाले, पण कातडे कमावणाऱ्याला आणि चप्पल बांधणाऱ्याला गावात कोठे जागा मिळाली, हे वेगळे सांगायला नको. १९६२ च्या युद्धानंतर मात्र चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले; त्यात भारतातच जन्मलेलेही होते, आणि काही जण तर १९६७ पर्यंत तिथे होते. सुटून आल्यावर पुष्कळांना पूर्वीचा धंदा आणि शेजार परत मिळाला नाही, आणि हळूहळू कुटुंबे कॅनडाला, विशेषतः टोरांटोला गेली. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून कारखाने हलवण्याचा आदेश दिला. काही कारखाने बानतला येथे गेले, काही बंद पडले, तर काहींच्या जागी उपाहारगृहे आली. रंकाळ्यावरच्या गाडीवर आपण जे ‘चायनीज’ खातो, त्याचे मूळ बरेचसे या कोलकात्याच्या स्वयंपाकघरांतच आहे. आपली शेजवान चटणी सिचुआन प्रांतातील माणसाला ओळखूही येणार नाही.

तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचे सुशिक्षित चिनी वस्तीबाहेर राहतात ते बाहेरची दारे उघडली म्हणून, आणि टिरेटा बाजारात आपल्याला चिनी माणसे थोडी दिसली ती त्यांना इथे परके ठरवले गेले म्हणून. पुन्हा जाणे झालेच, तर चिनी नववर्षाच्या सुमारास जावे आणि बजबजजवळच्या अछिपूरलाही वाट वाकडी करावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढणाऱ्या टोंग अछ्यू याची घोड्याच्या नालेच्या आकाराची लाल समाधी तिथे आहे. त्या दिवसांत कोलकात्याची उरलीसुरली चिनी कुटुंबे तिथे उदबत्त्या लावायला जमतात.