ट्रॅव्हल ट्रेलरमधलं (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातलं) शॉवरचं काचेचं दार लोंबलंय, स्क्रू आवळले तरी परत खाली येतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दाराचा मोकळ्या बाजूचा खालचा कोपरा चौकटीच्या खालच्या पट्टीवर घासतो, चुंबकाची पट्टी वर चिकटते पण खाली फट राहते, आणि बिजागरीचे स्क्रू आवळले की पुढच्या प्रवासापर्यंतच काम भागतं. यावरून माझा संशय दारावर कमी आणि भिंतीवर जास्त आहे. पण पेचकस हातात घेण्याआधी नक्की काय खाली आलंय ते ठरवू.

सुरुवात ट्रेलरपासून. तो कलता उभा असेल तर दार आपोआप उघडतं किंवा मिटतं. ते लोंबणं नव्हे. खरा घोळ होतो कोपऱ्यांतल्या स्टॅबिलायझर जॅकमुळे. ते फक्त हलणं थांबवायला असतात, पण बरेच जण त्यांच्यावरच ट्रेलर उचलतात. मग चेसिसला पीळ पडतो आणि आतल्या सगळ्या चौकटी गुण्यातून (काटकोनातून) जातात. बाहेरचं मुख्य दारही अडकत असेल तर हेच कारण. जॅक पूर्ण सैल करा, चाकांखाली ठोकळे घालून आडवी पातळी साधा, पुढच्या जॅकने लांबीची साधा, आणि मग कोपऱ्यांतले जॅक जमिनीला टेकून थोडेसेच आवळा. पातळी शॉवरच्या तळावर बघू नका, तो पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उतरता केलेला असतो.

आता शॉवरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट गुण्यात आहे. फरक बराच असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जोडणारे कोपऱ्यांतले स्क्रू ढिले झालेत का बघा.

चौकट ठीक असेल तर दार बंद करून फटी बघा. बिजागरीच्या बाजूची फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर वरची बिजागरी भिंतीपासून सुटतेय. तुमच्या वर्णनाशी हेच जुळतं: दार खालच्या बिजागरीभोवती मोकळ्या बाजूकडे झुकतं, त्यामुळे वरचा कोपरा चुंबकाकडे सरकतो आणि खालचा मोकळा कोपरा टेकतो. याउलट फटी सारख्याच असून अख्खं दार खाली बसलं असेल तर खालच्या पिव्हॉटमधली (दार ज्या खुंटीवर फिरतं तिथली) नायलॉनची बुश, म्हणजे बारीक नळी, किंवा वॉशर झिजलेली असते. तीच बदलायची. तिसरा प्रकार म्हणजे बिजागरी जागच्या जागी, पण तिच्या पकडीतून काच घसरलेली. या पकडीच्या, म्हणजे क्लॅम्पच्या, कडेला काचेवर साबणाचा जुना डाग असतो. तो आता क्लॅम्पला समांतर राहिला नसेल तर काच सरकली आहे.

दार सरकतं असतं तर उत्तर दोन ओळींत संपलं असतं: वरच्या चाकांचे स्क्रू बहुधा केंद्रापासून बाजूला बसवलेले असतात, ते थोडे फिरवले की दार वर-खाली होतं.

आता भिंत. ट्रेलरची भिंत घरासारखी नसते. शॉवरच्या पातळ प्लास्टिकच्या किंवा फायबरग्लासच्या आवरणामागे बऱ्याचदा काही मिलिमीटर जाडीचं प्लायवूड असतं आणि मधे मधे बारीक लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी. काचेचं वजन मात्र घरातल्यासारखंच. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. म्हणजे 5 मिलिमीटर जाडीचं, चौरस मीटरभर दार साडेबारा किलोचं. एवढं वजन चौकटीपासून लांब लोंबत असताना रस्त्याचा प्रत्येक दणका वरच्या बिजागरीचे स्क्रू बाहेर ओढतो. पातळ प्लायवूडमधलं भोक मोठं झालं की स्क्रू आवळल्यासारखा वाटतो, पण पकडत काहीच नाही. म्हणून तुमचा इलाज एका प्रवासापुरताच टिकतो.

एक स्क्रू काढून बघा. टोकाला ओलसर, काळपट भुसा आला तर मागचं लाकूड कुजलंय. आधी गळती शोधा आणि तेवढा भाग नवा घाला, कारण कुजक्या लाकडात कितीही लांब स्क्रू घातला तरी व्यर्थ. लाकूड कोरडं आणि टणक असेल, तर भिंतीच्या पलीकडे काय आहे ते तपासा. कपाट असेल तर नशीब चांगलं. पलीकडून ॲल्युमिनियमची जाड पट्टी किंवा प्लायवूडचा तुकडा लावा आणि आरपार स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉनवाले लॉकनट घाला. दिसायला फार देखणं नाही, पण माझ्या मते हाच कायमचा उपाय. पलीकडे जाता येत नसेल तर जुन्या भोकांत इपॉक्सी भरा, पूर्ण वाळू द्या आणि नव्याने बारीक भोक पाडून स्टेनलेस स्क्रू घाला. भोक पाडताना ड्रिलवर टेपने खोलीची खूण करा. भिंतीत पाण्याचा पाइप किंवा वायर असू शकते.

हे सगळं करताना दाराचा भार बिजागरीवर नको. सोबत एक माणूस घ्या, मोकळ्या कोपऱ्याखाली लाकडी पाचर सारून दार योग्य उंचीला आणा, आणि मगच स्क्रू सोडा. दार उतरवलंच तर गालिच्यावर किंवा घोंगडीवर ठेवा. काच टफन्ड असते: सपाट भागावर मार सोसते, पण कडेला टणक फरशीचा टोचा बसला तर अख्खी चुरा होते. तिला घासून, कापून किंवा भोक पाडून बसवता येत नाही, आणि कडेला टवका उडालेला दिसला तर ती बदलाच. डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा हवा.

काच पकडीतून घसरली असेल तर क्लॅम्प उघडा, काच आणि गॅस्केट (काच व धातूमधली मऊ गादी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दबलेलं गॅस्केट बदला. धातू कुठेही थेट काचेला टेकता कामा नये. स्क्रू हातानेच, आळीपाळीने थोडे थोडे आवळा. इथे बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर नको.

कंपनाने सुटणाऱ्या धातूतल्या स्क्रूंना मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) एक थेंब लावा. प्लास्टिकच्या आवरणाला मात्र ते लागू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. लाकडातल्या स्क्रूला त्याचा उपयोग नाही.

खालची रबरी पट्टी कापून घासणं थांबवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो घेऊ नका. आवाज थांबेल, पण बिजागरी सुटतच राहील आणि पाणी बाहेर येईल ते वेगळंच. सिलिकॉन नव्याने लावलंत तर चौकटीच्या खालच्या पट्टीतली पाणी निचऱ्याची बारीक भोकं बुजवू नका, आणि एक दिवस शॉवर वापरू नका.

शेवटी प्रवासाचं. दाराला चुंबकाच्या भरवशावर सोडू नका, ते आत झुलत राहतं आणि प्रत्येक झोका त्याच वरच्या स्क्रूंवर जातो. निघण्याआधी पट्ट्याने किंवा कडीने घट्ट बांधा आणि खालच्या मोकळ्या कोपऱ्याखाली फोमचा तुकडा सारा. लांब प्रवास नेहमीचे असतील आणि भिंतीत आधार देणं अशक्यच असेल, तर पॉलिकार्बोनेटचं दार बघा. तेवढ्याच जाडीला ते काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचं असतं. ओरखडे लवकर पडतात, तेवढं चालवून घ्यावं लागेल.