मुंबईतल्या साध्या घरातली मुलं गुन्ह्यात कशी अडकतात? कडक शिक्षा दिली की हे थांबेल का?

तुमच्या शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा सायबर फसवणुकीच्या केसमध्ये आत गेला. घरची माणसं साधी, बापाला कसलं व्यसन नाही. मग हे झालं कसं, आणि अशांना जबर शिक्षा झाली तर बाकीचे घाबरतील का, असं तुम्ही विचारलंय. मी परळ भागात रात्रशाळेत शिकवतो. दिवसभर कुरिअर, हॉटेल नाहीतर मॉलमध्ये राबून संध्याकाळी वर्गात येणारी याच वयाची मुलं रोज समोर बसतात, म्हणून लिहितोय.

संस्कार कमी पडले, हे उत्तर मला कधीच पटलं नाही. नुसती गरिबी हेही पुरेसं उत्तर नाही. गिरणगावाचंच बघा. 18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि हजारोंना पुन्हा गिरणीत जाता आलं नाही. लालबाग, परळ, भायखळ्यातली काही पोरं पुढे टोळ्यांत गेली, हे खरंच आहे. पण त्याच चाळींतली कितीतरी जास्त माणसं गावी परतली, भाजीच्या गाड्या लावून बसली, वॉचमन झाली; बायकांनी पोळ्या लाटून घरं चालवली. 1975मध्ये प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळण्याची वाट करून दिली. अडचण सगळ्याच घरांत होती. फरक पडला तो दारात आधी कोण पोचलं यावरून: कर्ज मिळवून देणारी संघटना, ओळखीने नोकरी लावणारा गाववाला, की पाकीट देणारा भाई.

आणि भाईचा धंदा काय, हे त्या त्या काळात पैसा कुठे आहे त्यावर ठरतं. दारूबंदी कडक होती तेव्हा हातभट्टी होती. 1968च्या कायद्याने सोन्यावर निर्बंध होते तेव्हा तस्करीत पैसा होता. तो कायदा 1990मध्ये गेला, 1992पासून आयातही सैल झाली आणि सोन्यातली मलई आटली. मग बिल्डर आणि सिनेमावाले यांना खंडणीचे फोन सुरू झाले. 1999मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा आला, पोलिसांनी टोळ्या मोडल्या, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण पोरं गोळा करणारा माणूस काही संपला नाही. आज त्याला चाकू-पिस्तूल चालवणारा नको असतो, त्याला बँकेचं खातं हवं असतं.

हे कसं चालतं ते नीट सांगतो, कारण आईबापांना याचा पत्ताच नसतो. आधार आणि पॅन देऊन मुलाने स्वतःच्या नावाने खातं उघडायचं. पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिम, म्हणजे त्यांच्या भाषेत 'किट', एका माणसाच्या हातात द्यायचं. बदल्यात काही हजार रुपये. सांगतात की गेमिंगचे पैसे फिरवायचेत, टॅक्स वाचवायचाय. मग कुठेतरी एखाद्या निवृत्त बाईंना 'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे खोटे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर अटकेची, भीती घालून आयुष्यभराची पुंजी काढून घेतात. ती या खात्यातून काही मिनिटांत पुढे जाते. तपास सुरू झाला की खात्यावर नाव सापडतं ते आपल्या पोराचं.

माझ्या वर्गातल्या एकाने तास संपल्यावर थांबून विचारलं होतं, "सर, खातं भाड्याने दिलं तर गुन्हा होतो का? चोरी तर मी करत नाही ना." त्याच्याकडे खातं मागणारा होता रिचार्जच्या दुकानातला माणूस. याची आई आजारी असताना त्यानेच पैसे उसने दिले होते, नाही कसं म्हणायचं हा पोराचा पेच होता. दुसऱ्या दिवशी वर्गात विषय काढला तर बऱ्याच जणांना अशी विचारणा झालेली निघाली. कुणाला जिममध्ये, कुणाला क्रिकेटच्या मैदानावर. घरी एकानेही सांगितलं नव्हतं.

आता शिक्षेचं. त्या निवृत्त बाईंचं नुकसान खरं आहे आणि खातं देणाऱ्याला त्याचा जाब द्यावाच लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मुलाला आपण गुन्हा करतोय हेच ठाऊक नसेल, तर शिक्षा पाच वर्षांची असो की दहा, तो भिणार कशाला? आणि ज्याला पक्कं ठाऊक असतं, तो किट घेणारा, सिम बदलून मोकळा होतो. तो हमखास पकडला जातो असं दिसलं, तर धाक बसेल.

तोवर पोरगा आर्थर रोडला, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेल्या बराकीत. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला संपलेलाच नाही. जामीन मंजूर होतो, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बापाने लायक जामीनदार आणायचा कुठून? मग बराकीतलाच कुणीतरी म्हणतो, माझा वकील तुझं काम करून देईल, पैशांचं नंतर बघू. भरती होते ती इथे. पहिल्या वेळी पोरगा फसलेला असतो, यानंतर तो बांधला जातो. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा, कारण हे टाळता येण्यासारखं आहे.

म्हणून त्या घरच्यांना एवढं सांगा. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, 1987च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. जामीन मंजूर होऊन महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अटी सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने 2023मध्ये सांगितलंय. वकिलाला याची आठवण करून द्या. किट कोणी घेतलं त्याचं नाव आणि चॅट लपवू नका, पुसू तर मुळीच नका. वकिलाला दाखवून पोलिसांना द्या. बाहेर आल्यावर पहिले काही महिने त्याला रिकामा बसू देऊ नका. 'केसवाला' म्हणून चाळीने तोंड फिरवलं की तो रिचार्जवालाच त्याच्याशी बोलणारा उरतो. ओळखीत कुणाचं दुकान, गॅरेज असेल तर तुम्हीच शब्द टाका. आणि शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर जवळची रात्रशाळा बघा, नाहीतर 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं.