कालव्याकाठची सहल

प्रश्न : सोलापूरच्या आसपासच्या कालव्यांतून होडीने फिरता येते का? मुलांना पाण्याचा जुना वारसाही दाखवायचा आहे. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : कालव्यात होडी घालण्याचा विचार सोडून द्यावा. कालव्याला पाणी आवर्तनापुरतेच, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडतात तेवढेच दिवस, येते; त्याचे उतरते काठ शेवाळाने निसरडे झालेले असतात आणि घसरलेल्या माणसाच्या हाताला धरायला काहीच लागत नाही. होडीची हौस भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्यावर फेडून घ्यावी. हिवाळ्यात तेथील मच्छीमार रोहित पक्षी दाखवायला नेतात.

वारशासाठी मात्र तुळजापूर रस्त्यावरचे हिप्परगे गाठावे. आदिला नदी अडवून १८७१ मध्ये पूर्ण झालेल्या तेथील एकरूख तलावातून शेतीसाठी कालवे काढण्यात आले. एखादा जुना पाटकरी (कालव्याचे पाणी सोडणारा कामगार) भेटलाच, तर त्याला बोलते करावे. कालव्याचे दार किती उचलले म्हणजे कोणत्या चारीला (शेताकडे जाणाऱ्या लहान पाटाला) किती पाणी जाते, हे त्याच्याकडून ऐकण्यात जी गंमत आहे, ती (आमच्या मते) कोणत्याही व्याख्यानात नाही. परतताना, १२व्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवलेला मानला जाणारा सिद्धेश्वर तलाव पाहावा. भुईकोट किल्ला त्याला लागूनच असल्याने दोन्ही ठिकाणे पायीच होतात.